घरांतील लपलेली ओल व तिचा शोध

मनुष्यानें घर बांधलें तें ऊन, वारा व पाऊस यांपासून आपला बचाव व्हावा म्हणून. यांपैकीं ऊन व वारा हे दारें-खिडक्या लावून अडवितां येतात. पाण्याची गोष्ट निराळी आहे. तें दार ठोठावीत नाहीं. एखाद्या केसाएवढ्या भेगेंतून आंत शिरतें, भिंतीच्या पोटांत बिऱ्हाड करितें, आणि यजमानास त्याचा पत्ता लागेपर्यंत घराची बरीच हानि करून ठेवितें. छपरांतून धार लागली तर ती सर्वांस दिसते. तिच्याखालीं आपण बादली ठेवितों व पाऊस उघडतांच गवंड्यास बोलावणें धाडितों. परंतु जी ओल डोळ्यांना दिसत नाहीं, तिच्याविषयीं कोण सावध असतो?

विद्यार्थिमित्रहो, अशा लपलेल्या ओलीचा माग कसा काढावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे. त्यासाठीं मोठ्या यंत्रांची गरज नाहीं. डोळे, नाक, कान व हात हीं चार साधनें, एक शिसपेन्सिल, एक वही, आणि सर्वांत मुख्य म्हणजे थोडा धीर, एवढ्या भांडवलावर हा शोध करितां येतो. मात्र एक सूत्र आरंभींच ध्यानांत ठेविलें पाहिजे : डाग जेथें दिसतो तेथेंच पाणी शिरतें, असें नाहीं. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळें ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ अशी स्थिति होते. दरसाल पैसा खर्च होतो, व ओल आपली जागच्या जागीं राहते.

दुर्लक्षाचे परिणाम

भिंतीवरील डाग केवळ कुरूप दिसतो एवढेंच असतें, तर त्याची चिंता करण्याचें फारसें कारण नव्हतें. परंतु डाग हें रोगाचें लक्षण आहे, रोग नव्हे.

हल्लीं शहरांत बहुतेक घरें सिमेंट-काँक्रीटचीं असतात व त्यांच्या छतांत लोखंडी सळया घातलेल्या असतात. ताजें काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतें, व त्या गुणामुळें सळयांवर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा राहून त्यांस गंज चढत नाहीं. पुढें वर्षानुवर्षें हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु आंत मुरून हा अल्कगुण कमी करितो. समुद्रकिनाऱ्यावर खाऱ्या हवेंतील क्षारही त्या पापुद्र्याचा नाश करितात. मग पाणी व प्राणवायु मिळतांच सळई गंजूं लागते. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होऊं शकतें. त्याला जागा अपुरी पडते, म्हणून तो भोंवतालचें काँक्रीट फोडतो; आणि एखाद्या रात्रीं छताचा भला मोठा खपला निजलेल्या माणसांच्या अंगावर येतो. लोक म्हणतात, छत अकस्मात् पडलें. वस्तुतः तें कित्येक वर्षें पडत होतें; कोणी पाहिलें नव्हतें इतकेंच.

लांकडाची गोष्टही अशीच. लांकडांतील ओलाव्याचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलें, कीं त्यास कुजविणारी बुरशी तेथें वाढूं शकते, आणि वाळवीलाही ओलसर लांकूड अधिक मानवतें. वरून रंगविलेली तुळई आंतून भुसा झालेली असूं शकते. विजेचा धोका तर याहून तातडीचा. छतांत मुरलेलें पाणी विजेच्या तारांसाठीं घातलेल्या नळींतून वाहत येऊन पंख्याच्या किंवा दिव्याच्या ठिकाणीं टपकतें. अशा वेळीं बटनास हात न लावतां, हात व पाय कोरडे ठेवून मुख्य बटन बंद करणें व जाणत्या तारतंत्र्यास बोलाविणें हेंच शहाणपण होय.

शेवटीं आरोग्य. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांविषयीं मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलें. ओलसर व बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांत खोकला, श्वासाचे विकार व दमा यांचें प्रमाण अधिक आढळतें, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या भिंतीशीं मुलांचें अंथरूण असतें, ती भिंत कोरडी आहे कीं नाहीं हें पाहणें म्हणूनच आईबापांचें कर्तव्य ठरतें.

ओलीचे चार मार्ग

घरांत येणारें पाणी चार ठिकाणांहून येतें : आकाशांतून, जमिनींतून, नळांतून आणि हवेंतून. यांपैकीं कोणत्या मार्गानें तें आलें, हें ठरविणें हाच शोधाचा गाभा आहे. कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

(१) आकाशांतून. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें गणित लक्षांत ठेवावें. मुंबईस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारणपणें २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे ५० चौरस मीटरांच्या लहानशा गच्चीवर एका पावसाळ्यांत एक लाख लिटरांहून अधिक पाणी पडतें. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेवढ्याच गच्चीवर त्या एका दिवसांत ४७,००० लिटरांवर पाणी पडलें असतें. इतक्या पाण्यापुढें एका भेगेचाही भरंवसा धरतां येत नाहीं. शिवाय पाऊस केवळ वरून येतो असें नाहीं. वाऱ्याबरोबर येणारी झड भिंतीच्या भेगांतून व खिडक्यांच्या चौकटींच्या कडांतून पाणी आंत लोटते. म्हणूनच कोंकणांत पश्चिमेच्या बाजूस पडवीला झडपा बांधण्याची चाल पडली.

कौलारू घरांत पाण्याची चाल विशेष फसवी असते. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, व पुढें मंगलोरी कौलें या किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. या कौलांना एकमेकांत अडकण्यासाठीं खांचा असतात. तरीही माकडाच्या उडीनें किंवा फांदी पडून एखादें कौल सरकतें अथवा तडकतें. तेथून शिरलेलें पाणी सरळ खालीं पडत नाहीं. तें रिपेवरून वाशावर येतें व वाशाच्या पोटानें उतरत उतरत चार-सहा हात दूर जाऊन भिंतीवर ओघळतें. अशा वेळीं डागाच्या डोक्यावरचें कौल बदलून उपयोग काय? भर दुपारीं घरांतले दिवे मालवून माळ्यावर उभें राहावें व वर पाहावें. जेथून उजेडाचा कवडसा येतो, तेथून पाणीही येऊं शकतें.

(२) जमिनींतून. कंदिलाची वात तेल वर ओढते, तशीच वीट, चुना व जांभा दगड हे जमिनींतील पाणी वर ओढतात. या गुणास केशाकर्षण म्हणतात. कांचेची नळी एक मिलिमीटर व्यासाची असेल तर तींत पाणी सुमारें ३ सेंटिमीटर चढतें. व्यास एकदशांश मिलिमीटर असेल तर सुमारें ३० सेंटिमीटर चढतें. छिद्र जितकें बारीक, तितकी चढण अधिक. विटेंतील छिद्रें याहूनही बारीक असतात. परंतु चढणारें पाणी वाटेंतच भिंतीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडून जातें, म्हणून ही ओल बहुधा जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंतच दिसते. पाणी उडून जातें, पण त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. यालाच आपण भिंतीस लोणा लागला असें म्हणतों. हे क्षार स्फटिकरूप होतांना फुगतात व गिलाव्याचे पोपडे पाडतात. त्यांतील कित्येक क्षार हवेंतील बाष्पही शोषून घेतात. त्यामुळें खालचें पाणी बंद झाल्यावरही दमट दिवसांत ती भिंत ओली दिसते व अननुभवी मनुष्य फसतो.

केशाकर्षणाचा प्रयोग घरीं सहज करतां येईल. कांचेच्या दोन चौकोनी तुकड्यांची एक कड जुळवून रबरानें बांधावी व दुसऱ्या कडेस मध्यें आगकाडी ठेवावी. मग ते रंगीत पाण्याच्या बशींत उभे करावे. ज्या बाजूस कांचा एकमेकींस चिकटल्या आहेत त्या बाजूस पाणी उंच चढलेलें व दुसरीकडे हळूहळू उतरत गेलेलें दिसेल. भिंतींत काय घडतें, त्याचें हें लहानसें चित्र होय. कांचेच्या कडा तीक्ष्ण असतात, म्हणून वडील माणसांच्या देखत हा प्रयोग करावा.

(३) नळांतून. नळ, गच्चीवरील टांकी, मोरी, न्हाणीघर व सांडपाण्याचे पाइप हीं घरांतील पाण्याचीं स्वतःचीं ठिकाणें. यांची गळती ऋतु पाहत नाहीं. सेकंदास एक थेंब गळत असेल तर दिवसास ८६,४०० थेंब होतात. एका मिलिलिटरांत २० थेंब धरले तरी हें पाणी चार लिटरांहून अधिक झालें. बाहेर गळणारे चार लिटर आपण बादलींत धरितों. भिंतीच्या आंत गळणारे चार लिटर भिंत पिऊन टाकते.

(४) हवेंतून. उबदार हवा अधिक बाष्प धारण करूं शकते, थंड हवा कमी. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. २० अंशांस सुमारें १७ ग्रॅमच. म्हणून दमट हवा गार पृष्ठभागास लागली, कीं जास्त झालेलें बाष्प पाणी होऊन तेथें जमतें. हवा २८ अंशांची व तींत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर सुमारें २५ अंशांच्या पृष्ठभागावरही दंव धरतें. पावसाच्या आरंभीं तळमजल्याच्या लादीस घाम सुटतो तो याचमुळें. भिंतीस टेकून ठेवलेल्या कपाटाच्या पाठीमागें, गाद्यांच्या ढिगाखालीं, धूर व वाफ बाहेर जाण्यास वाट नसलेल्या स्वयंपाकघरांत हीच ओल बुरशीस जन्म देते. जेथें हवा थंड करण्याचें यंत्र बसविलेलें असतें, तेथें त्या खोलीच्या भिंतीच्या दुसऱ्या अंगासही असा घाम येऊं शकतो.

इंद्रियांनीं करावयाची तपासणी

प्रथम नाक. बंद खोलीचें दार उघडल्याबरोबर पहिल्या श्वासास येणारा कुबट वास हा महत्त्वाचा साक्षीदार आहे. पांच मिनिटांनीं नाक त्यास सरावतें व साक्ष नाहींशी होते. म्हणून गांवाहून परत आल्यावर घर उघडतांना घरच्या मंडळींनीं या वासाकडे मुद्दाम लक्ष द्यावें, व तो कोणत्या कोपऱ्यांत अधिक आहे हें पाहावें.

नंतर डोळे. विजेरी भिंतीस जवळजवळ टेकवून तिचा उजेड भिंतीवरून आडवा पाडावा. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा उजेडांत आपले फुगवटे, पोपडे व खळगे स्पष्ट दाखविते. डागाची कड पिवळसर-तपकिरी व एकांत एक वलयें असलेली असेल, तर तेथें पाणी पुनःपुन्हां आलें व वाळलें असें समजावें. छतावर तांबूस रेघा समांतर दिसल्या, तर आंतील सळया गंजूं लागल्या असाव्यात. तेथें विलंब न लावितां अभियंत्यास दाखवावें. पांढरी बुरशी व लोणा हीं दिसण्यांत सारखीं असतात. त्यांवर पाण्याचा थेंब सोडावा. क्षार विरघळून दिसेनासा होतो, बुरशी विरघळत नाहीं. दाराच्या चौकटीचा तळ, लांकडी कपाटाची पाठ, भिंतीवरील चित्रांची मागची बाजू व हल्लीं छताखालीं जें शोभेचें दुसरें छत बसवितात त्याची वरची बाजू, या जागा कोणी पाहत नाहींत; म्हणूनच त्या आधीं पाहाव्या.

पुढें कान व हात. बोटांच्या पेरांनीं किंवा लांकडी मुठीनें गिलाव्यावर हलकेच ठोकीत जावें. चांगला गिलावा भरीव आवाज देतो. भिंतीपासून सुटलेला गिलावा पोकळ, बद्द आवाज देतो. छतास असा आवाज येत असेल तर त्याखालीं उभें राहून अधिक ठोकूं नये. तळहाताची पाठ भिंतीवरून फिरवावी. ओल्या जागेवरून पाणी उडून जातांना तें उष्णता घेऊन जातें, म्हणून ती जागा भोंवतालच्या भिंतीपेक्षां गार लागते. आणि रात्रीं सर्व निजल्यावर, सर्व नळ बंद असतांना, मोरीच्या भिंतीस कान लावावा. बारीक सूं-सूं आवाज येत असेल, तर नळ भिंतीच्या आंत फुटला असण्याचा संभव आहे.

ओलीचें पंचांग

वरील सर्व चिन्हांहून अधिक बोलकें चिन्ह म्हणजे काल. डाग कोठें आहे, यापेक्षां तो केव्हां वाढतो हें विचारावें. याकरितां डागाच्या कडेनें शिसपेन्सिलीनें रेघ काढावी व तीजवळ तारीख लिहावी. दर आठवड्यास, व मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशीं, पुन्हां पाहून डाग वाढला असल्यास नवी रेघ काढावी. शेजारीं वहींत पाऊस होता कीं नाहीं, नळास पाणी केव्हां आलें, वरच्या मजल्यावर कोणी राहत होतें कीं नाहीं, हें टिपून ठेवावें. दोन महिन्यांत ही वही अशा गोष्टी सांगते, ज्या कोणताही गवंडी एका भेटींत सांगूं शकणार नाहीं.

पावसानंतर कांहीं तासांत किंवा एक-दोन दिवसांत डाग वाढला व उघडीप होतांच ओसरला, तर पाणी आकाशांतून येत आहे. चैत्र-वैशाखांतही तो ओलाच राहिला, तर बहुधा नळाची गळती आहे. ओल जमिनीपासून वर चढलेली, तिची वरची कड लोण्याच्या पांढऱ्या रेघेनें आंखलेली व वर्षभर थोडीफार कायम असेल, तर ती जमिनींतून येत आहे. आणि ओल कोपऱ्यांत, कपाटामागें, दमट हवेच्या दिवशीं दिसते व खिडक्या उघडतांच कमी होते, असें आढळलें, तर ती हवेंतील बाष्पाची होय. कित्येकदां दोन कारणें एकत्र असतात. तेव्हां एका वेळीं एकच कारण दूर करून फरक पाहावा; दोन्ही उपाय एकदम केले तर कशानें गुण आला हें कळत नाहीं.

घरगुती प्रयोग

संशय उरल्यास पुढील प्रयोग करावे.

भिंतीची ओल आंतली कीं हवेची, हें पाहण्यासाठीं स्वयंपाकघरांत वापरतात तो ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद हातभर लांब-रुंद घेऊन भिंतीवर चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवावा. एक-दोन दिवसांनीं पाहावें. कागदाच्या बाहेरील बाजूस दंव आलें तर तें खोलींतील हवेचें. भिंतीकडच्या बाजूस आलें तर पाणी भिंतींतून येत आहे.

नळाची गळती पाहण्यासाठीं रात्रीं सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरील आंकडा लिहून ठेवावा व पहांटे कोणीं पाणी वापरण्यापूर्वीं पुन्हां पाहावा. ज्या गांवीं पाणी ठराविक वेळींच सुटतें तेथें मीटरचा उपयोग होत नाहीं. तेथें टांकींत काठी उभी बुडवून पाण्याची उंची खुणेनें टिपावी व सकाळीं ती पडताळावी. मुलांनीं टांकीवर एकट्यानें चढूं नये. हें काम वडिलांनीं करावें.

न्हाणीघरांतून पाणी मुरतें असा संशय असेल, तर पाणी जाण्याचें भोंक बंद करून जमिनीवर बोट बुडेल इतकें खाण्याच्या रंगाचें पाणी एक दिवस सांठवून ठेवावें. खालच्या छतास तोच रंग उतरला तर वाद मिटला. रंग न उतरला तरी तेवढ्यानें न्हाणीघर निर्दोष ठरत नाहीं, कारण चुना व सिमेंट यांतून जातांना रंग फिका पडूं शकतो. म्हणून डागाची कड वाढली कीं काय हेंही पाहावें. गच्चीवर असा प्रयोग करतांना मात्र विचार करावा. एक चौरस मीटरवर पांच सेंटिमीटर पाणी सांठविलें तर त्याचें वजन ५० किलोग्रॅम होतें. जुन्या इमारतीच्या छतावर अभियंत्यास विचारल्यावांचून असा भार घालूं नये.

यंत्रांची साक्ष

ओल मोजण्याचीं यंत्रेंही आतां मिळतात. एका प्रकारच्या यंत्रास दोन सुया असतात. त्या लांकडांत किंवा गिलाव्यांत टोंचल्या म्हणजे त्यांमधून विजेचा अति सूक्ष्म प्रवाह जातो. ओल्या पदार्थांतून तो सहज जातो, कोरड्यांतून जात नाहीं. त्यावरून ओलाव्याचें मान कळतें. पण क्षारयुक्त गिलाव्यांतूनही वीज सहज जाते, म्हणून लोणा लागलेल्या भिंतीवर हें यंत्र खरी स्थिति आहे त्याहून अधिक ओल दाखवितें.

दुसरें यंत्र म्हणजे उष्णतेचा कॅमेरा. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें १८०० सालीं सूर्यकिरणांच्या तांबड्या रंगापलीकडे न दिसणारे उष्ण किरण असल्याचें शोधून काढलें. त्याच जातीच्या किरणांवरून हा कॅमेरा भिंतीच्या उष्णतेचें चित्र काढितो, व बाष्पीभवनानें गार झालेली ओली जागा त्यांत निराळ्या रंगानें उठून दिसते. परंतु हा कॅमेरा पाणी पाहत नाहीं, केवळ उष्णतेंतील फरक पाहतो. वाऱ्याच्या झोतानें गार झालेली कोरडी जागाही त्यास तशीच दिसते. तात्पर्य, यंत्र साक्ष देतें. निवाडा मनुष्यानेंच करावयाचा असतो.

एक उदाहरण

समजा, एका चार मजली इमारतींत दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत निजण्याच्या खोलीच्या छतावर, पंख्यापाशीं, डाग पडला. घरधन्यानें दिवाळीस रंग लाविला. फाल्गुनांत डाग पुन्हां आला. वरच्या मजल्यावरचे लोक म्हणतात, "आमची जमीन कोरडी ठणठणीत आहे, येऊन पाहा." तें खरेंही आहे, कारण त्यांचें न्हाणीघर त्या जागेपासून आठ-नऊ फूट दूर आहे. बोलाचाली होते, जिन्यांत भेटल्यावर नमस्कारही बंद होतो.

आतां पंचांग पाहूं. फाल्गुनांत पाऊस नाहीं, म्हणजे आकाश निर्दोष. दुसरा मजला, म्हणून जमीन निर्दोष. खोलींत वारा खेळता आहे व डाग छताच्या मधोमध आहे, म्हणून हवेचाही संशय थोडा. राहिला नळ. वहींतील नोंदींवरून असें दिसलें कीं, वरचीं माणसें चार दिवस परगांवीं गेलीं तेव्हां डागाची रेघ पुढें सरकली नाहीं. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशीं सरकली. मग दोन्ही घरच्या मंडळींनीं मिळून रंगीत पाण्याचा प्रयोग केला, व पंख्याच्या आंकड्याशीं फिकट रंग उतरला. न्हाणीघराच्या जाळीभोंवतालचा सांधा सुटला होता. तेथून पाणी फरशीखालच्या भरावांत शिरून, विजेच्या तारांच्या नळीवाटे चालत चालत पंख्यापाशीं येत होतें. वरच्यांची जमीन कोरडी होती हेंही खरें, व पाणी त्यांच्याकडूनच येत होतें हेंही खरें. सांधा भरण्यास एक दिवस पुरला. जें भांडणानें वर्षभरांत झालें नसतें, तें चार रेघांच्या पुराव्यानें झालें.

झांकपाक नको

यावरून उपायाचा क्रम सहज कळेल. प्रथम पाण्याची वाट बंद करावी. नंतर भिंतीस वाळूं द्यावें. शेवटीं गिलावा व रंग. जाड भिंत पूर्ण वाळण्यास कित्येक महिने लागतात. उतावळेपणानें तिच्यावर पाणी न सोडणारा रंग किंवा सिमेंटचा घट्ट थर दिला, तर आंतील पाण्यास बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं व जमिनींतून येणारी ओल आणखी उंच चढते.

केवळ वर थर चढवीत जाण्याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो, याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. मराठवाड्यांत दगडमातीच्या भिंतींवर लांकडें टाकून त्यांवर मातीचें माळवद घालण्याची चाल आहे. पावसाळ्यापूर्वीं माळवदावर नवी माती टाकीत गेल्यानें कित्येक घरांचीं छपरें कालांतरानें अतिशय जड झालीं. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, तेव्हां कच्च्या भिंती ढासळल्या व हींच जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. हजारों माणसें मेलीं. भूकंप टाळणें कोणाच्या हातीं नव्हतें. परंतु गळतीवर केवळ थर चढविणें म्हणजे घर मजबूत करणें नव्हे, हें तरी त्यावरून ध्यानांत घ्यावें.

विद्यार्थ्यांस सूचना

विद्यार्थिमित्रहो, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत केशाकर्षण, बाष्पीभवन, दंवबिंदु हे विषय तुम्ही परीक्षेपुरते वाचतां. तेच विषय तुमच्या घराच्या भिंतींवर रोज घडत असतात. येत्या मृगाच्या आधीं एक वही करा. पहिल्या पानावर घराचा साधा नकाशा काढून मोरी, टांकी, नळ व गच्चीचा उतार दाखवा. मग घरांतील प्रत्येक डागास क्रमांक द्या, पेन्सिलीची रेघ काढा, व सप्टेंबरअखेरपर्यंत नोंद ठेवा. पालकांस विनंति इतकीच कीं, मुलाच्या या वहीस पोरखेळ समजूं नये. दसऱ्याच्या सुमारास रंगाऱ्यास बोलाविण्यापूर्वीं ती एकवार अवश्य उघडून पाहावी. रंगाचा डबा कोणत्या भिंतीस लागणार, व गवंड्याची थापी प्रथम कोठें लागली पाहिजे, हें तींत लिहिलेलें असेल.